आधी आळस काढावा

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मातृभाषेतून शिक्षण : काल, आज आणि उद्या' असा विषय छापला आहे. या विषयावर मी आजवर इतक्या वेळा बोलले आहे की माझी वाक्ये आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने आज मी आमच्या घराच्या मागल्या पडवीत उभ्या असलेल्या एका मिलिंग मशीनविषयी बोलणार आहे. मुलांच्या निबंधांवर 'विषयांतर' असा लाल शेरा मारण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. आज तो शेरा आपण माझ्यावर मारावा, माझी हरकत नाही.

मिलिंग मशीन म्हणजे काय, हे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या येथील मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी दोन शब्द. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगवर याच्या उलट असते. दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि काम टेबलावर बांधून त्याच्याखालून सरकवले जाते. सपाट पृष्ठभाग, खाचा, चावीघर, चाकांचे दाते ही सारी कामे त्यावर होतात. अमेरिकेत जोसेफ ब्राउन यांनी १८६२च्या सुमारास या यंत्राचे 'युनिव्हर्सल' रूप घडवले, ते पिळाच्या ड्रिलवरील वळणदार खाच कापता यावी म्हणून. तोवर ती खाच कारागीर हाताने, कानशीने घासत बसत.

आमचे मशीन आडव्या स्पिंडलचे आहे. ते इंग्लंडात घडले असावे असे त्याच्या इंची आट्यांवरून वाटते; नामपट्टी आमच्याकडे येण्यापूर्वीच उडालेली होती. वजन एक टनाच्या वर. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांनी ते १९७९ साली एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतले. आईने त्या वर्षी शिलाई मशीन मागितले होते. मशीन आले एवढे खरे.

नाना एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. शिक्षण कलाभवनाच्या इमारतीतल्या पॉलिटेक्निकचे. कलाभवन महाराज सयाजीरावांनी १८९० साली स्थापन केले, आणि शास्त्रे व कारागिरी देशी भाषांतून शिकवावी असा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह त्यामागे होता, हे आपण शालेय सहलीत मुलांना सांगतोच. धुंडिराज फाळके तेथे शिकले हेही सांगतो. नानांच्या काळापर्यंत तेथील पुस्तके इंग्रजी झाली होती. परंतु नानांनी घरच्या मशीनची जी वही ठेवली, ती पहिल्या पानापासून मराठीत ठेवली.

त्या वहीविषयी थोडे सविस्तर सांगते. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी वही. १९७९ ते २०१५. दर शनिवारची नोंद. 'खांबाच्या तेलकुप्या भरल्या. टेबल पुसले. ६८ नंबरचे तेल घसरपट्ट्यांना.' घसरपट्ट्या म्हणजे टेबल ज्यावरून सरकते ते मार्ग. नानांनी जवळजवळ प्रत्येक भागाला स्वतःचे नाव दिले होते. टेबल उचलून धरणाऱ्या भागाला इंग्रजीत 'नी' म्हणतात. नानांनी सरळ 'गुडघा' म्हटले. घसरपट्टीतील सैलपणा काढण्यासाठी जी निमुळती पट्टी असते, ती 'गिब' नानांची 'पाचर' झाली. कामाचे समान भाग पाडणारे 'डिव्हायडिंग हेड' त्यांच्या वहीत 'वाटणीचे डोके' आहे. भावांच्या वाटण्या झाल्या त्या वर्षी हे नाव सुचले असावे, असा आईचा तर्क होता.

आणि 'आळस'. स्क्रू आणि नट झिजले की हँडल उलट फिरवताना पहिला काही भाग नुसताच फिरतो, टेबल हलत नाही. कारखान्यात याला 'बॅकलॅश' म्हणतात. नानांनी त्याला आळस म्हटले. '३ मार्च १९८४. आडव्या स्क्रूचा आळस १२ थाऊ.' थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरच्या पट्टीत सांगायचे तर साधारण चाळीस थाऊंचा एक मिलिमीटर. आणि त्या नोंदीखाली रेघ मारून लिहिले आहे : 'आधी आळस काढावा, मग मोजावे.' माप चुकून पुढे गेले तर नुसते मागे येऊन चालत नाही. अर्धा-एक फेरा मागे जावे, पुन्हा त्याच बाजूने पुढे यावे आणि मग खुणेवर थांबावे, म्हणजे स्क्रू नटाला टेकलेला असतो. मी एम.ए.ला भाषाविज्ञान शिकले, पारिभाषिक कोश चाळले. इतका नेमका पारिभाषिक शब्द मला तेथे क्वचित भेटला.

नाना २०१६ साली गेले. त्यानंतर मी काय केले, हेही येथे सांगितले पाहिजे. पहिले वर्षभर मी शनिवारी तेल घातले. मग शाळेची जबाबदारी आली. शनिवारी सभा असत. मशीनवर एक जुनी सोलापुरी चादर घातली. घराला तीन फेजची वीजजोडणी होती. तिचा आकार दरमहा कशाला भरायचा म्हणून मी ती रद्द केली आणि एक फेज घेतला. मशीनची मोटर तीन फेजची होती, याचा मी विचारच केला नाही. २०१९च्या ३१ जुलैच्या पावसात पाणी पडवीच्या पायरीपर्यंत येऊन परतले. तेव्हा सुटलो म्हणून मी निश्चिंत झाले.

२०२४च्या गोकुळाष्टमीला सुरू झालेला पाऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. विश्वामित्री कारेलीबागेत शिरली. गल्लीत मगर दिसल्याच्या वार्ता फोनवर येत होत्या आणि त्या अफवा नव्हत्या. आमच्या पडवीत पाणी तीन दिवस होते. ओसरल्यावर मी प्रथम शाळेत आले, कारण तळमजल्यावरील कपाटांच्या खालच्या कप्प्यात जनरल रजिस्टरे होती. ती आम्ही वरच्या वर्गांत बाकांवर उघडून, पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून वाळवली. येथे बसलेल्या अनेकांच्या जन्मतारखा त्या दिवशी पंख्याखाली फडफडत होत्या.

घरी पोचले तेव्हा चौथा दिवस होता. मशीनच्या टेबलाच्या बरोबर वर चार बोटांवर पाण्याची रेघ होती. सगळीकडे विश्वामित्रीचा गाळ, आणि त्याखालून केशरी गंज. आमच्या गल्लीत भंगारवाले फिरतच होते. त्यांतला एक आत आला, त्याने मशीनला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "बेन, आमां हवे कंई रह्युं नथी." तरी त्याने भाव सांगितला. उरलेले काही नाही आणि तरी भाव आहे, हे मला विचित्र वाटले. पण मी संध्याकाळपर्यंत कळवते म्हटले. खरे सांगते, देऊन टाकण्याकडेच माझा कल होता.

तो गेल्यावर मी टेबलाचे हँडल धरले. फिरते का, एवढेच पाहायचे होते. पाव फेरा फिरले आणि खडूने फळ्यावर उमटतो तसा आवाज आला. मग मी एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. त्याचे पहिले वाक्य होते, "बाई, हँडल फिरवू नका."

त्याचे नाव मी घेणार नाही. तो या सभागृहात मागे कुठेतरी उभा आहे, आणि नाव घेतले तर निघून जाईल. नववीत असताना मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले होते की हा मुलगा शाळेचा नाही, याला कुठेतरी कामाला लावा. ते बोलताना तो दाराशी उभा होता. दहावी तो दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला, आयटीआयमध्ये मशिनिस्टचा अभ्यासक्रम केला, आणि आज मकरपुरा जीआयडीसीत त्याचे स्वतःचे छोटे युनिट आहे. त्याच्या युनिटातही पाणी शिरले होते. तरी तो त्याच संध्याकाळी आला. गाळ म्हणजे बारीक वाळू, आणि वाळू म्हणजे घासणारा दगड. घसरपट्ट्यांमध्ये गाळ असताना टेबल हलवले की दोन्ही पृष्ठभाग ओरबाडले जातात. मी पाव फेरा फिरवला होता. हे त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. त्याने बोट फिरवून ओरखडा पाहिला आणि म्हणाला, "खोल असला तर त्रास नाही बाई. वर आलेली कड त्रास देते."

पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. आधी साध्या पाण्याचा पाइप लावून गाळ काढला. पुराने बुडालेल्या यंत्रावर पुन्हा पाणी मारताना माझा जीव धजेना. पण वाळलेला गाळ कापडाने पुसणे म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यासारखेच, असे त्याचे म्हणणे. मग वाऱ्याच्या नळीने पाणी उडवले आणि लगेच सर्वत्र डिझेल. गिअरबॉक्सचा तळाचा बूच काढला तेव्हा तेल आले ते ताकासारखे पांढरे, पाणी मिसळलेले. डिझेलने खळबळून तो भाग तीनदा धुतला, स्वस्त तेल भरून हाताने फिरवला, ते ओतून दिले आणि मग चांगले तेल घातले. पाचर बाहेर काढून टेबल उचलायला चेनपुली आणि चार माणसे लागली. लहान भाग आम्ही स्वयंपाकघरात नेले. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी ब्रश मारायचा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, वाळवून तेलात बुडवायचे. घसरपट्ट्यांना मात्र लिंबूसत्त्व नाही आणि पॉलिश पेपर तर मुळीच नाही, कारण त्याचे कण बिडात रुतून बसतात. तेथे पितळी पट्टी, डिझेल आणि माझ्या आईच्या सुती साड्या.

ओरखड्याचे काम त्याने एका दुपारी केले. बारीक तेली दगड घेऊन ओरखड्याच्या दोन्ही काठांवर आलेली नख लागेल एवढी कड त्याने काढली. चर तसाच ठेवला. चरात तेल साठते, त्याने काही बिघडत नाही. मग पाचरीला निळा रंग लावून ती जागेवर घातली, हलवली, काढली. जेथे दोन पृष्ठभाग खरोखर टेकतात तेथेच रंग उठतो. तेवढे ठिपके स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा पाहणे. या रीतीचे शास्त्र जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडले. त्यांनी सांगितलेली तीन पाट्यांची युक्ती मला फार आवडली. दोन पाट्या एकमेकींवर जुळवत गेलो तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या तंतोतंत बसू शकतात. दोघींचे पटते, पण सपाट कोणीच नसते. तिसरी पाटी घेऊन आळीपाळीने तिन्ही जोड्या जुळवल्या, तरच तिन्ही सपाट होतात. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा दोघी शिक्षिका एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांनी काय अर्थ घेतला ते मी विचारले नाही.

त्यानंतर वही लागली. पाचर किती आवळायची हा प्रश्न होता. नानांनी जवळजवळ चाळीस वर्षांत बहुतेक काम टेबलाच्या मध्यभागी केले, त्यामुळे घसरपट्टी मध्ये झिजलेली आणि टोकांना कोरी आहे. डायल गेज लावून पाहिले तर मध्ये आठ थाऊंचा सैलपणा. तो घालवायला पाचर आवळली की टेबल टोकाशी जाऊन अडकते. तो दोन दिवस निरनिराळे प्रयोग करत होता. मी कपाटाच्या वरच्या फळीवरून वही काढून दिली. नानांचे अक्षर बारीक आणि आकडे मोडी वळणाचे. त्याने उभ्यानेच चाळली, आणि २००३च्या एका पानावर थांबला. 'पाचर मध्याच्या मापाने आवळू नये, टोकाच्या मापाने ठेवावी. काम मधोमध असेल तर सॅडलची खिट्टी घट्ट करून टेबल बांधावे. वेळ लागतो.' तो म्हणाला, "बाई, हे कुठल्या मॅन्युअलात नसतं." त्याच्याकडची दोन्ही मुले कामात हुशार आहेत, एक दाहोदचा, एक बिहारचा; त्यांना ही वही वाचता आली नसती. मलाही आली नसती, कारण मला अक्षरे वाचता आली तरी पाचर कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हते.

वीज हा एक निराळाच अध्याय झाला. मोटर वाइंडिंगवाल्याकडे दिली. त्याने भट्टीत वाळवून, मेगर लावून ती शाबूत असल्याचे सांगितले. पण घरात तीन फेज कुठे होता? तो मीच काढला होता. अखेर एक फेज घेऊन तीन फेज देणारा ड्राइव्ह बसवला. असा ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो, म्हणून मोटरच्या जोडणीच्या डबीतील पट्ट्या स्टारच्या डेल्टा कराव्या लागल्या. एक फायदा असा की आता वेग बटणाने कमी-जास्त होतो. नानांना हे रुचले असते की नाही, सांगता येत नाही. पट्टा पुलीवरून सरकवून वेग बदलण्यात त्यांना फुशारकी वाटे.

मशीन डिसेंबरात फिरू लागले. परंतु टेबल आपोआप सरकवणारी फीड चालत नव्हती, आणि त्याचे कारण पूर नव्हता. वहीत १४ नोव्हेंबर २०११ची नोंद आहे : 'फीडचे चाक नं. ३, दोन दात गेले. नवे कापणे आहे.' त्यापुढे चार वर्षांच्या शनिवारी तेलाच्या नोंदी आहेत, चाकाची नाही. त्या काळात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरही बारीक आकडे दिसत नसत. ते आम्हाला कधी बोलले नाहीत. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, पुराच्या बराच वर, तेलकट कागदात गुंडाळलेली पोलादाची एक चकती निघाली, लेथवर पुरी केलेली, मधे भोक आणि चावीघर असलेली, आणि तिच्यासोबत एक कटर. कागदावर पेन्सिलीने : '२८ दात. १० पिच. बाहेरील व्यास ३ इंच पूर्ण. कटर ४ नं.' म्हणजे सगळी तयारी करून ठेवली होती. दात तेवढे कापायचे राहिले होते.

ते चाक कापण्याचा रविवार मी विसरणार नाही. त्या दिवशी त्याने आपल्या मुलीला सोबत आणले होते. ती अकरा वर्षांची आहे, सहावीत आहे आणि इंग्रजी माध्यमात आहे. आपल्या शाळेत नाही, हे तो मला दारातच, खाली पाहून सांगू लागला. मी म्हटले, आत या, चहा ठेवला आहे. आपल्या पहिलीच्या वर्गाचा पट आपण सर्व जाणता. तो वाढावा म्हणून मी घरोघर फिरते आणि पुढेही फिरेन. पण त्या सकाळी त्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच्या वडिलांना मी जे सांगितले होते, ते मराठीतच सांगितले होते.

आता थोडे गणित. वाटणीच्या डोक्यात चाळीस दातांचे चाक आणि त्यात अडकलेला वर्म असतो. बाहेरची मूठ चाळीस फेरे फिरवली की काम एक फेरा फिरते. अठ्ठावीस दात हवेत, तर प्रत्येक दाताला चाळीस भागिले अठ्ठावीस फेरे. म्हणजे एक पूर्ण फेरा आणि अठ्ठावीसांश बारा, संक्षेपाने तीन सप्तमांश. हे तीन सप्तमांश मोजायला भोकांची गोल पाटी असते. सातने भाग जाईल असे वर्तुळ निवडायचे. एकवीस भोकांचे घेतले, त्याचे तीन सप्तमांश नऊ. तेव्हा एक फेरा आणि नऊ भोके. मी मुलीला म्हटले, हे सममूल्य अपूर्णांक. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅम, इक्विव्हॅलंट फ्रॅक्शन्स?" तेच, म्हटले.

मूठ फिरवण्याचे काम मला मिळाले होते. त्याने आधी कटर चकतीला नुसता टेकवून अठ्ठावीस बारीक खुणा करून घेतल्या; खरे कापणे त्यानंतर. मी फिरवत गेले : एक फेरा, नऊ भोके, पिन आत. अठ्ठाविसावी खूण झाली, आणि शेवटची खूण व पहिली खूण यांत इतर अंतरांच्या जवळजवळ दुप्पट जागा उरली. तो काही बोलला नाही. मुलगी पाटीकडे पाहत होती. "मॅम, पिन आहे ते भोक तुम्ही एक म्हणून मोजलंत. ते झीरो आहे." नऊ भोके म्हणजे नऊ अंतरे, मी प्रत्येक वेळी आठच पुढे जात होते. खुणा केसाएवढ्या होत्या, चकती वाया गेली नाही. त्या खुणा तेली दगडाने पुसून दुसऱ्या वेळी मूठ तिने फिरवली आणि मी मोठ्याने मोजले, शून्यापासून.

दाताची पूर्ण खोली २१६ थाऊ. ती दोन हात देऊन कापली, पहिला १८० थाऊंचा. फीडचे चाक तेच नसल्याने टेबल हाताने सरकवायचे. तेही कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने, कारण आळस असलेल्या मशीनवर त्याच दिशेने काम नेले तर कटर ते ओढून घेतो, आणि एक तर कटर तुटतो किंवा बोट. दहाला सुरू केले ते पाच वाजले. मध्ये थालीपीठ झाले. संध्याकाळी कडा कानशीने मारून चाक जागेवर बसवले, मूठ ओढली, आणि टेबल कोणी हात न लावता डावीकडून उजवीकडे निघाले. २०११नंतर प्रथमच. मी बाजूला जाऊन चहाचे कप विसळू लागले.

वहीत आता पुन्हा नोंदी होतात. त्या रविवारची नोंद मुलीच्या हातची आहे. ती घरी मराठी बोलते, शाळेत गुजराती लिहिते, म्हणून अक्षरांना शिरोरेषा नाहीत आणि 'झ' गुजराती आहे : 'चाक नं. ३ झाले. २८ दात. एक फेरा, नऊ भोके. पहिले भोक मोजू नये.' त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुकाही होत्या, त्या मी येथे वाचताना सुधारल्या. वहीत तशाच आहेत.

आणखी एक काम राहिले आहे. गुडघ्याचा उभा स्क्रू पुरानंतर जड चालतो. त्याच्या तळाच्या बेअरिंगमध्ये गाळ असावा. दिवाळीच्या सुट्टीत गुडघा उतरवायचा आहे. चेनपुली आहे, माणसे दोन कमी पडतात. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांची कंबर शाबूत असेल त्यांनी मला कार्यक्रमानंतर भेटावे. जुने कपडे घालून यावे, जेवण आमच्याकडे.